उभी लाट

करूळचा घाट चढून आले,
गाडीच्या टपावर दोरीने आवळलेली फळी.
देवबागला मी लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवते,
पावसाळ्यात आमचा समुद्र बंद,
म्हणून ऑगस्टात मावसबहिणीकडे, कसबा बावड्यात.
फळी का आणली, ते तिनेही विचारलं.

तिसऱ्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर गेले
आणि तिथे लाट उभी होती.

उभी म्हणजे खरोखर उभी.
येत नव्हती, जात नव्हती, फुटून संपत नव्हती.
भिंतीवरून पाणी गुळगुळीत घसरायचं
आणि खाली एकाच जागी उलटं वळायचं,
चहाच्या रंगाचं, पांढऱ्या मिशीचं.
दिवसभर एकच लाट, आणि रांगेत कुणी नाही!
गाडी तिथेच लावली. दोरी सोडायला घेतली.

मागून हंबरणं.
अकरा म्हशी, आणि त्यांच्या वाटेत माझी गाडी.

"कुठली गं तू?"
देवबागची. मालवणकडची.
"मग तुमच्या वाटंत आमी आशी गाडी लावली, तर चालंल?"

(आणि हीच मी, दर हिवाळ्यात, पुण्याहून आलेल्या पोरांना सांगते:
आधी अर्धा तास वाळूत बसा.
कोण कुठून आत जातं बघा,
त्याहून जास्त, कुठून बाहेर येतं.
जो आधी उठला, लाट त्याची.
नाव विचारा.
आणि पाण्यात कुणीच नसेल
तर आनंद मानू नका, कारण शोधा.)

गाडी मागे घेतली. नाव विचारलं.
बाळाबाई.

तिच्या म्हशींनी बंधाऱ्याकडे मान वळवली नाही.
दीडशे पावलं खाली, काठ जिथे उताराचा,
तिथे एकेक उतरल्या,
आधी कपाळावर चांद असलेली, मग बाकीच्या.
कुणी कुणाला ढकललं नाही.

"म्हस जितं पाय घालत न्हाई
तितं आपुन डोस्कं घालू ने."
मला पोहता येतं, मी म्हणाले. समुद्रात.
"मी सांगतो, ऐक. समुद्र म्हणं भाईर टाकतो.
मी काय बघितला न्हाई.
ही न्हाई टाकत. त्यो बॉल बघ."

निळा-पांढरा फुटबॉल.
वर यायचा, पुढे पळायचा, वाटायचं सुटला,
मग कुणी कॉलर धरून ओढल्यासारखा
मागे, भिंतीपाशी, खाली.
मी मोजलं. नऊ.
पुन्हा वर.

"सोमवारपास्नं हाय."
तो गुरुवार होता.

बॉलचे मालक काठावरच बसलेले, चौघं.
त्यातला गोलकीपर, उत्कर्ष, कोपरं सोललेली.
पोहता येतं?
"घाटावरनं हितपत्तोर येतोय की, उन्हाळ्यात."
मग?
तो हसला नाही.
"मग काय? बॉलच हाय."

पायाला बांधायची दोरी हातातच राहिली.
समुद्रात ती मला फळीपाशी आणते.
इथे कुठल्या बरग्यात अडकली असती,
पाण्याखाली, कुणाला न दिसता,
आणि मला तिथेच धरून ठेवलं असतं.
गुंडाळून खिशात घातली.

फळी मात्र कामाला आली.
चिखलात चड्ड्या भिजू नयेत म्हणून
चौघं तिच्यावर ओळीने बसले,
मी पाचवी, कडेला, अर्धी बाहेर.
अंधार पडेपर्यंत आम्ही बॉल बघितला.
कुणी फारसं बोललं नाही.
एकदा तो जरा लांब गेला
तेव्हा पाचही जण उठलो, आणि बसलो.

महिन्याने बहिणीला फोन केला.
बाळाबाई भेटते का, विचारलं. बॉलचं काय झालं?

रोज दूध घालते, म्हणाली.
बॉल सुटला म्हणे त्याच रविवारी, रात्री कधीतरी,
कुणी बघितला नाही.
गेला असेल नरसोबाच्या वाडीला.

आणि पोरं?
घेतला की दुसरा.
खेळतात तिथेच, तालमीच्या मागे.
फक्त आता
नदीच्या बाजूला गोल ठेवत नाहीत.