वजनकाटा

जिनिंगमध्ये तेवीस वर्षं मी कापसाच्या गाठी तोलल्या.
मग कंपनीचा माणूस आला, म्हणाला, आता माणसं तोला.
काटा तोच. वर फक्त एक गालिचा टाकला,
हिरवा, लग्नाच्या मांडवात असतो तसला.

बोरखेडी ते नागपूर, पस्तीस मिनिटं.
तिकिटाचा आकडा मी घरी सांगितला नाही.

पहिल्या दिवशी लीलाधर गुल्हाने, कृषी केंद्रवाले,
काट्यावर चढले आणि श्वास रोखून उभे राहिले.
एकशे सहा.
चपला काढल्या. घड्याळ काढलं.
दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला.
एकशे पाच.
मी वहीत पेन्सिलीनं लिहायचो,
कारण कॅप्टन बेहरे खोडून पुन्हा जोडायचे:
माणसं, पिशव्या, तेल
आणि ऊन.

होय, ऊनसुद्धा.
बेहरेंनी एकदा निंबाखाली बसून सांगितलं,
उन्हात हवा पातळ होते, पंख्याला धरायला काही उरत नाही.
मी म्हटलं, पाहुणे वाढले की ताकात पाणी घालतात, तशी?
म्हणाले, अगदी तशी.
माघात पाच माणसं उचलायचं.
वैशाखात, पारा सेहेचाळीसवर, तीन.
उरलेले दोघं हिरव्या गालिच्यावर उभे,
तिकीट हातात, अंगावर इस्त्रीचे कपडे,
आणि मी त्यांना समजावायचं
की तुम्ही जड नाही, हवा हलकी आहे.

त्याचं तेल यायचं नागपूरहून, टँकरनं, रस्त्यानं,
खड्डे चुकवत साडेचार तास.
दुसरा टँकर पाण्याचा. उतरण्याआधी धूळ बसवायला.
चौथ्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
आम्ही रोज दोनदा मातीला आंघोळ घातली.
बाया गुंड घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या,
बोलायच्या नाहीत.
एकदा मैनाबाई कुमरे बोलली,
"तुमचं पाखरू लय पानी पेते, भाऊ."
त्या दिवशी मी नळी तिच्या गुंडात सोडली,
मग दुसरीच्या, मग तिसरीच्या.
धूळ उठली. वरून जमीन दिसेना.
दोन घिरट्या घालून तिसऱ्यांदा टेकलं.
बेहरे उतरले, चष्मा पुसला,
कुंपणाकडे बराच वेळ पाहिलं,
मला काही विचारलं नाही.

देवतळ्यांच्या म्हशी आटल्या, त्यांचा अर्ज आला.
शाळेचा एक पत्रा उडाला, तो विहिरीत सापडला.
दिवस बुडाला की बंद. ढग उतरले की बंद.
आषाढात अकरा दिवस ते ताडपत्री पांघरून बसलं,
पोटाखाली शेळ्या.
नऊ पाचची एसटी चिखल उडवत जायची,
खिडकीत गुल्हाने,
न तोललेले.

शेवटच्या दिवशी कोणीच आलं नाही.
रिकामं जायलाही तेल जवळपास तेवढंच लागतं.
बेहरे म्हणाले, शालिकराव, चढा काट्यावर.
एक्कावन्न.
तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मिळाली असती तर धंदा चालला असता.
"माह्यासारख्यापाशी तिकिटाचे पैसे नसते, साहेब."
मग आज फुकट. पाचही जागा तुमच्या.
मी आत हात घालून गादी दाबून पाहिली.
"अन् वापस कसा येऊ?"
त्यांनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं.
तिकडून शेवटची गाडी साडेचारला,
तीही फाट्यापर्यंतच.

आता पांढऱ्या एचवर भिवापुरी मिरच्या वाळतात.
काटा जिनिंगला वापस गेला,
गालिचा मैनाबाईच्या दारात.
मला खोड राहिली.
बुधवारच्या बाजारात समोरून येईल त्याला मनात तोलतो:
वांगेवाली, अठ्ठावन्न. तिच्या काखेतलं पोर, नऊ.
तो म्हातारा, सत्तर, फेट्यासकट.
मग कपाळावर हात धरून ऊन अजमावतो.
यातले तिघं.