पाट्या कापायचं हत्यार

पत्र्याची कात्री आधी बाद केली.
तपकिरी पाटी तिच्या जबड्यात आली
की शिळ्या भाकरीसारखी कडेनं तुटते,
तांब्याची एखादी वाट सोबत घेऊन जाते.

छोटा ग्राइंडर जावयानं आणला, पुण्याहून.
वेगवान. खरंय.
पण हिरव्या पाटीत काच असते, धाग्याधाग्यांची.
ती उडाली, जिन्यात वाळत घातलेल्या डाळीवर बसली.
दोन दिवस मनगटं खाजत होती
आणि घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

मग डहाळे सोनारांची करवत मागून आणली.
केसाएवढं पातं, नथीचं वळण कापणारं.
एका चौकोनात सात मोडली.
ते म्हणाले, "कामून घाई करता बाई?
हिला ढकलू नका. तिची ती जाते."
आठवं मोडलं नाही.
पण मोटारीच्या ऑटोस्विचच्या पन्नास पाट्या
सोमवारी अंबडला पोचवायच्या होत्या.

कादराबादच्या भंगारात
हॅक्सॉचं तुटकं पातं मिळालं, पाच रुपयाला.
दगडावर घासून त्याला पोपटाची चोच काढली.
लोखंडी पट्टी धरायची, रेघ ओढायची,
त्याच रेघेवर पुन्हा, पुन्हा,
पाणी शिंपडत, नाकाला ओढणी बांधून.
पाटी उलटून तेवढंच मागूनही.
मग टेबलाच्या काठावर दोन्ही अंगठे:

कट्.

शेवग्याची शेंग मोडावी
एवढाच आवाज.

ग्राइंडर फळीवर आहे.
जावई यायचे असले
की पुसून समोर ठेवते.