सेहेचाळीस

दुपारी सेहेचाळीस होतं. रात्री साडेदहाला
धंतोलीतल्या या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर
कूलर अजून तेच उकळलेलं वारं फेकतोय.
मी सर्व्हर रूममध्ये. इथे एसी आहे.
(माणसांआधी यंत्रांना, हे मी ठरवलेलं नाही.)
मांडीवर लॅपटॉप घेऊन नियम लिहिते आहे.

तक्रार सिस्टर तितरमारेंची:
"डॉक्टर फोनवर बोलून राहिले असते मॅडम,
अन् शब्दच गळून जाते.
काल त्याइनं म्हणलं 'देऊ नका',
मले आयकू आलं 'देऊ'.
बरं झालं, मी पुन्हा इचारलं."

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो.
आणि "बरं झालं"वर नेटवर्क चालवता येत नाही.

हवा एकच आहे. हे लोकांना पटत नाही.
एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी
मनात आकडे मोजत थांबायचं.
एक्स-रेची जाडजूड फाइल, वॉर्डबॉयची मॅच,
बिलिंगचा प्रिंटर, आणि ते "नका",
सगळे एकाच दारात, एकाच उंचीचे.

म्हणून खूण करायची. पाकिटाच्या कपाळावर
सहा बिटांचं गंध.
आवाजाचा आकडा सेहेचाळीस.
मी नाही निवडला, जगभर तोच,
पण नागपुरात, मे महिन्यात तो टाइप करताना
हसू येतंच बाप्पा.

नियम दहा: सिस्टरांचे फोन,
पोर्ट सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशीपासून पुढे.
वीस: हृदयाचे मॉनिटर.
वरून खाली वाचलं जातं. पहिला जुळला की तोच लागू,
खालचं मग कोणी बघत नाही.
तीस: पाहुण्यांची खूण पुसा.
त्यांचे मोबाइल कधीकधी स्वतःच सेहेचाळीस लावून येतात,
"साहेब आपल्या ओळखीचे" म्हणत
ओपीडीची रांग मोडणाऱ्यांसारखे.
आपली चिठ्ठी आपणच लिहिलेली चालत नाही.

संचालकांच्या केबिनलाही वर घ्या, असा निरोप होता.
घेतलं. नियम नव्वद.
ऐंशीवाला त्याला आधीच गिळतो.

सव्वाबाराला चाचणी. रूपचंद जिन्यात उभा राहून
फोनवर आकडे म्हणतो, शंभरापासून उलटे.
एकही गळत नाही.
त्याच्या पायाशी चादर टाकून बसलेत तुमसरचे मडावी,
आत बायको व्हेंटिलेटरवर,
हातातल्या पडद्यावर सून, तिच्या कडेवर बाळ.
चित्र तुटतं, जुळतं, तुटतं.
"आवाज येऊन राहिला का?
येऊन राहिला का वो?"

त्यांचा आकडा शून्य.
शून्य म्हणजे शिक्षा नाही, असं आम्हाला शिकवलं,
शून्य म्हणजे जमेल तसं.
झिरो माइलचा दगड इथून रिक्षाने दहा मिनिटं,
तिथून म्हणे सगळी अंतरं मोजायची.
तुमसर, आणि बाळ अजून अर्धंच पोचलेलं.

दहा-दहाच्या अंतराने लिहायचं ते याचसाठी.
पंचवीस मोकळा होता.
रात्री नऊ ते पहाटे सहा, पाहुण्यांचा आवाज,
चित्र नाही, नुसता आवाज: चौतीस.
सिस्टरांच्या खालीच. त्यांच्या वाटचं काही न घेता,
निदान हिशोब तसा बसतो.

खूण आमच्या फाटकापर्यंतच टिकते.
पुढे कंपनीचा राउटर सगळं पुसून शून्य करतो.
मला ते माहीत होतं. तरी सेव्ह केलं.
बाहेर येऊन पाहिलं तर मडावी झोपलेले,
फोन छातीवर, पडदा काळा.

पंचवीसची टीप रिकामी राहिली होती.
परत आत गेले. उद्या माझ्या जागी कुणीही असेल,
त्याला काय कळणार, आणि किती सांगणार.
लिहिलं:
तुमसर. काढू नका.