अर्धा पर

या नदीच्या डोहांना नकाशावर नावं नाहीत.
आम्हीच ठेवली: चर्चखालचं वळण, जळका ओंडका,
बायबलवाल्याचं पाणी, आणि हार्लनने आत्ता
जिथे नांगर टाकला, तो 'घटस्फोट'.
का, ते हार्लन सांगत नाही.
मला माहीत आहे. मी त्याच्या बायकोची बहीण.

जानेवारी. बोटं मोजता येतील एवढाच उजेड.
तीन दिवस कोसळून पाऊस काल थांबला,
पाणी उतरतंय, गाळ खाली बसतोय.
गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक दिसलं की समजायचं,
स्टीलहेड समुद्रातून निघाले.

नोव्हेंबरातले सॅमन अजून काठावर आहेत,
म्हणजे त्यांचे जबडे,
अल्डरच्या मुळांत अडकलेला एखादा कणा,
रॅकूनलाही नकोसा झालेला.
ते घरी आले, अंडी घातली, संपले.
स्टीलहेडला पुढचा हंगाम असतो. कधी कधी.
हाडाला कातडी चिकटलेली, शेपटीचा चोथा,
तसाच वाहत वाहत तो खारं पाणी गाठतो.
हार्लन म्हणतो, तुझ्यासारखा.
मी म्हणते, वल्ही धर.

एकवीस वर्षं मी हॅचरीत पर कापले.
पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे,
तांदळाच्या कणीएवढा एक मांसल पर असतो,
पिल्लू बोटभर असताना.
गुंगीच्या पाण्यातून उचलायचं, कात्री, पुढचं.
पर नाही, म्हणजे पाळलेला: घरी न्या.
पर आहे, म्हणजे रानचा: सोडून द्या,
पाण्याबाहेर उचलूसुद्धा नका.
दिवसाला पाच हजार.
रात्री बोटं आपोआप मिटायची, उघडायची,
टेडी झोपेतच माझा हात धरून ठेवायचा.
आता टेडी नाही. बोटं गप्प असतात,
अंगठा सोडून.

सव्वाआठला तरंगणारं बोंडूक बुडालं नाही,
नुसतं थबकलं,
कुणीतरी नाव घेतल्यासारखं.
रीळ टेडीचं. त्याचा एक दात तुटका,
म्हणून ते ओरडत नाही, उचक्या देतं.
वीस मिनिटं उचक्या.
(हार्लन दहा म्हणेल.)

जाळं पाण्यातच ठेवून मी हात घातला,
अंधारात पर्समधली किल्ली शोधावी
तसा अंगठा पाठीवरून नेला.
आहे.
नाही.
अर्धा आहे.
मागची कड तिरकी, सरळ, कधीच भरून आलेली.
कात्रीची कड. आणि तो तिरकेपणा माझा,
मी डावखुरी.

हिशेब केला. तो शेवटचा उन्हाळा.
टेडी हॉस्पिटलात, आणि मी कामावर,
कारण घरी बसून काय करायचं.
हात चुकत होता. साहेब, ऑर्व्हिल प्रुएट,
माझ्या टाकीपाशी येऊन उभा राहायचा,
काही न बोलता जायचा.

ठेव, हार्लन म्हणाला. खूण दिसतेय.
अर्धी दिसतेय.
अर्धी म्हणजे दिसतेयच ना.
नदीने मध्ये तोंड घातलं नाही.
मासा कल्ले हलवत राहिला,
त्याला कुठलीच घाई नव्हती, मलाच होती,
बोटं बधिर होत चालली होती.

सोडून दिला असता तर गोष्ट बरी झाली असती,
बहिणीला सांगायला.
पण ही चूक त्याने एवढा समुद्र फिरवून
माझ्याच हातात आणून दिली होती,
आणि शुक्रवारी जेवायला सहा जण होते.
मी लाकडी दांडा उचलला.
एकच, नीट.

मग कार्ड. तारीख, नदी,
पाळलेला की रानचा, तो चौकोन.
पेन थंडीने चालेना.
हार्लनने ते कोटात सारून काखेत धरलं,
आणि शाई वितळेपर्यंत आम्ही दोघं
घटस्फोटाच्या पाण्याकडे बघत बसलो.