जिन्याखालची खोली

खोलीचं नाव : व्यवसाय मार्गदर्शन व माहिती कक्ष.
अक्षरं मोठी झाली, पाटी पुरली नाही,
पेंटर आचरेकरांनी 'कक्ष' खाली ढकलून बसवला.
पूर्वी इथे लेझीम आणि फाटके नकाशे असत.
एक लेझीम अजून कपाटामागे आहे,
केर काढताना वाजते.

मी भूगोलाचा. ओरोसला तीन दिवसांचं प्रशिक्षण,
एक फाईल, एक पेन, आणि साहेब म्हणाले,
माहिती ही सेवा आहे, उपदेश नव्हे.
हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं
आणि परत येऊन उपदेशच करत राहिलो.

कपाटात बंद पडलेल्या एका तंत्रनिकेतनाचं माहितीपत्रक आहे, गुळगुळीत,
त्यावरची मुलगी प्रयोगशाळेत कायमची हसते आहे.
नर्सिंगचे कागद, आयटीआयचे, जहाजावरच्या नोकरीचे;
खाऱ्या हवेने टाचण्या गंजल्या,
प्रत्येक कागदाला एक तांबूस डोळा.
पुण्याचा पत्ता आहे.
पुण्यात राहायचं कुठे, ते नाही.

हर्षाली तारी, दहावी ब.
आई लिलावात बसते, बाप पर्ससीनवर.
तिने एकच विचारलं होतं,
मासळीचं शास्त्र शिकवतात ते कॉलेज कुठे, फॉर्म कधी?
मी म्हणालो, बघून सांगतो.
परिपत्रक आलं होतं. आधी हेडसरांच्या टेबलावर,
मग शिपायाच्या पिशवीत, मग मे महिन्याची सुट्टी,
मग माझ्या भाचीचं लग्न.
मी ते फळ्यावर लावलं तेव्हा
तारीख जाऊन चार दिवस झाले होते.
चार. मी मोजले. तिनेही.

रागावली नाही, तेच वाईट.
म्हणाली, "सर, भरती चुकली तर दुसरी येता.
ह्या तारखेचा तसा असता काय?"
भूगोलाच्या मास्तराला विचारलेला प्रश्न.

आता ती कारखान्यात कोळंबी सोलते, किलोवर पैसे.
याला फाईलमध्ये रकाना नाही.
रकाना आहे : लाभार्थी विद्यार्थी, एकूण.
मी दोनशे अकरा लिहिले.

परवा बांगडे आणायला बंदरावर उतरलो.
सोसायटीच्या भिंतीवर फळा :
भरतीची वेळ, डिझेलचा भाव, वाऱ्याचा इशारा.
समोर वीसेक माणसं माना वर करून.
अदनान होडेकर, आठवी, वर्गात कायम गैरहजर,
बोट लावून लावून बापाला वाचून दाखवत होता.
माझ्या कक्षात तो एकदाही आलेला नाही.

चेअरमनना विचारलं, वीतभर जागा द्याल?
"घेवा मास्तर. पण शिळा लिवलास
तर लोक पुसून टाकतले."
तीन दिवसांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मंगळवारी, शनिवारी
खडू घेऊन उतार उतरतो.
फॉर्म कधी सुरू, कधी बंद.
जातीच्या दाखल्याला किती दिवस :
कागदावरचे नव्हे, तहसीलात खरोखर लागतात ते.
चुकलं की जाळं विणणारा कोणीतरी
मान न वळवता ओरडून सांगतो.
एकदा तर 'प्रवेश'चं ऱ्हस्व-दीर्घ कुठलं म्हणून वाद झाला,
त्यात ऱ्हस्वही नव्हतं आणि दीर्घही.

काल हर्षाली सुटल्यावर तिथे थांबली.
अंगाला बर्फाचा वास.
सगळं वाचलं, वरून खाली, डिझेलच्या भावासकट.
माझ्या हातातून खडू घेतला
आणि माझ्या यादीखाली लिहिलं :
राहायची सोय? महिना किती?
मग त्याखाली, बारीक अक्षरात :
पुढच्या वर्षी चालतं का?

खडू परत दिला. बोटांना काप होते.
मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं.
तसं सांगितलं तिला.

आज सकाळी ओरोसला फोन लावला,
कुणी उचलला नाही.
दुपारी लावला.
आता परत लावतो आहे.