पावणेसोळा आणे

खाखरोलला यायचं तर आधी ढाढर ओलांडायची.
पूल झाला त्याला तीस वर्षं झाली,
गाव अजून त्या जागेला उतारच म्हणतं,
तिथे बैल गळ्यापर्यंत भिजत.
पलीकडे कोतरं, कोतरांत वेडी बाभूळ,
मग काळी जमीन, इतकी काळी
की वैशाखात भेगेत पडलेली चप्पल
कुणी शोधायला जात नाही.

उत्तरेला तळाव. भागोळीत तीन रायणी, एक पोकळ.
दक्षिणेला कापसाची जिन, बंद.
तिच्या भिंतीत घड्याळासाठी सोडलेलं गोल भोक,
घड्याळ कधी आलंच नाही, त्यात पोपट.
पश्चिमेला स्टेशन होतं. अडीच फुटांचे रूळ.
रूळ उपटून नेले,
पण शेळ्या अजून त्या वाटेने एका ओळीत चालतात.

एवढा भूगोल.

इतिहास माझ्या पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत:
लोखंडी साखळी,
तेहतीस फूट, म्हणजे सोळा आणे.
माझे पणजोबा, सदाशिव आबाजी खोपकर,
बडोदे सरकारचे पैमाईश कारकून.
हिशेब मोडीत, भांडण गुजरातीत,
मराठी फक्त ताप चढल्यावर.
साखळीचं एक टोक त्यांच्याकडे,
दुसरं मथुर तडवीच्या हातात.
मथुर पुढे, गाव मागे,
दोघांच्या मधे जे ताणलं गेलं
ते शेत.

साखळीबरोबर एक वही आहे.
पहिल्या पानावर:
"वावेपाशी कडी तुटली. मथुरने तारेने सांधली.
पाव आणा कमी भरते. उद्या हुजुरात कळवावे."
दुसऱ्या पानावर: "ताप."
तिसऱ्यावर: "पैमाईश चालू."

कळवलं नाही.
आखूड साखळी जास्त वेळा पडली,
आणि कागदावरचं खाखरोल
मातीतल्या खाखरोलपेक्षा मोठं निघालं.
बिघ्यामागे अर्ध्या वशाहून थोडं अधिक.
बाराशे ऐंशी बिघ्यांत
चाळीस बिघे जमीन
जी कुठेच नाही.

तिचा सारा मात्र वेळेवर भरला गेला.
दुष्काळात भरला. जिन बंद पडली त्या साली भरला.
शनाभाईच्या आजोबांनी तर
त्यातली दीड वसा मुलीला आंदण दिली.

यंदा मोजायला मुलं आली,
पिवळ्या टोप्या, तिपाईवर यंत्र,
आकाशाला विचारून सांगणारं.
सगळ्यांचीच जमीन कमी भरली.
आठवडाभर बांधाबांधावर आरडाओरड,
दोघांची डोकी फुटली, एकाने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.
मग कुणीतरी म्हणालं, खोपकरांकडे जुनं काहीतरी आहे.

मी वही वाचून दाखवली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
शनाभाई हसायला लागला, मग त्याला खोकला आला.
मला वाटलं होतं, शिव्या देतील.
कुंभारवाड्यातली जीवी तेवढी उठली नाही.
"चार पिढ्या सारा भरला," ती म्हणाली,
"जमीन नथी तो नथी.
पण आहे ती आमचीच ना?"

काय सांगणार?
चाळीस बिघे. मी मनातल्या मनात पेरून पाहिले:
तूर, कपाशी, कडेला एरंड.
छोटी गाडी तिथूनच जात असेल बहुतेक.
मथुरचं घरही तिथेच असणार,
कारण वहीत सगळ्यांची नावं आहेत, सर्व्हे नंबर आहेत,
त्याच्या नावावर काहीच नाही.

संध्याकाळी जीवी परत आली.
"काढ ती साखळी."
मी एक टोक धरलं, तिने दुसरं.
तिच्या भट्टीपासून निघालो, निंबाकडे,
तारेने सांधलेली कडी मधे लोंबत होती.
हद्दीचा दगड
वीतभर पुढे राहिला.
जीवीने इकडेतिकडे पाहिलं.
मग पायानेच
तो अलीकडे सरकवला
आणि म्हणाली, "लिही. सोळा आणे."