फरक : बारा नग

शुक्रवारी चारलाच आमच्या शेडचा खटका पडतो.
अक्कलकोट रोडवर बाकीचे माग चालूच असतात,
मधल्या भिंतीतून त्यांचा थरकाप
माझ्या चहाच्या कपात येतो.
शेजारचे वल्लाळशेठ म्हणतात, झिराडकरबाई,
शनवारी सुटी घेणाऱ्या कारखानदार
या लायनीत तुम्ही एकट्याच.
सुटी मी घेत नाही हो, मी म्हणते,
मागांना देते.

बाबांनी हे आठ माग भंगारात घेतले,
मिल बंद पडली त्या वर्षी.
जॉबर होते. बोटांचा वास कधी गेला नाही.
कोकणात आमच्या पणज्यांना शनवार तेली म्हणत;
इथं येऊन तेल मागांच्या सांध्यांत मुरलं,
शनवार तेवढा उरला.

दर शुक्रवारी ते पोथीतलं काहीतरी सांगायचे
आणि लगेच त्याचा सोलापुरी हिशेब.
पिशवीत दोन वजनं ठेवायची नाहीत :
म्हणजे टॉवेलच्या लेबलवर पाचशे
आणि काट्यावर चारशे सत्तर, असलं चालणार नाही.
राबणाऱ्याची मजुरी रात्रभर आपल्या घरी झोपू द्यायची नाही :
म्हणजे पोशम्माला ‘सोमवारी बघू’ म्हणायचं नाही,
सिद्धेश्वरच्या तळ्यावर ऊन आहे तोवर
पैसे तिच्या पदरात.

एक गोष्ट तेवढी मला पटायची नाही.
शेतात पेंढी विसरून आलास,
तर तिच्यासाठी माघारी जायचं नाही.
ती परक्याची, पोरक्याची, एकट्या बाईची.
मग मुद्दामच ठेवून यावी की, मी म्हणाले.
बाबा हसले, कांडीचं सूत दातानं तोडत.
मुद्दाम ठेवलीस तर ते दान.
त्याचं खातं वेगळं.
हे पुण्य ठरवून करता येत नाही, सिप्पोरा.
हे विसराळू माणसालाच मिळतं.

परवा अश्दोदहून भाच्यानं प्रोग्रॅम पाठवला.
आता प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्याला काळ्या रेघा
आणि माझ्या टेबलावर एक पडदा,
जो काहीच विसरत नाही.
विम्याचा हप्ता, सुताचा वायदा,
नरसय्यानं मार्चमध्ये घेतलेली उचल,
गेल्या दिवाळीत कोण वीस मिनिटं उशिरा आलं.
एवढी स्मरणशक्ती देवालाही नसावी.
आमच्या देवाला तरी
वर्षातून एक दिवस खाती मिटवायची सवय आहे.

आज चारला खटका पाडला,
आणि पडद्यावर लाल अक्षरं.
फरक : बारा नग.

शोधलं. ताण्याच्या बीममागे गठ्ठा,
पिवळ्या काठाचे, मऊ, एक डझन.
पोशम्मा झाडत होती.
तिनं पाहिलं. मी पाहिलं.
तिच्या सुनेला बाळ होऊन आज नववा दिवस.
तिनं झाडू गठ्ठ्याला वळसा घालून पुढं नेला.
सोळा वर्षांत या शेडमधून
तिच्या पदराला चिकटून गेलं असेल तेवढंच सूत तिच्या घरी गेलंय.

आता काय करू, बाबा?
मी विसरले होते, हे तर खरं.
माघारी मी फिरले नव्हते,
मला फिरवलं.
यंत्रानं खांदा हलवून जागं केलं,
तर झोप मोडली असं धरायचं
की झालीच नव्हती?
हे तुम्ही सांगून गेला नाहीत.
तुमच्या वेळी विसरणं सोपं होतं.

पडदा विचारत राहिला : नग सापडले? हो. नाही.
पत्र्याच्या फटीतलं ऊन
बीमवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं.
मी कशालाच बोट लावलं नाही.
किल्ली पोशम्माच्या हातात दिली,
दर शुक्रवारसारखी,
गठ्ठ्याचं नावही न काढता.
बाळाचं नाव काय ठेवणार, एवढं विचारलं.
अजून ठरलं नाही, म्हणाली.

घरी दोन दिवे लावलेत. शेंगदाण्याच्या तेलाचे.
डोळ्यांवर हात धरले,
तर बोटांच्या फटीतून दिसतं ते पिवळे काठ.

रविवारी शेड उघडेन.
भीती एकच आहे :
ते बाराही टॉवेल
नीट घडी घालून
माझ्या टेबलावर ठेवलेले असतील.